मामांची जपानी घोडी आणि माझा मल्टीमीटर

सासऱ्यांची घोडी माझ्या हातून गेली तेव्हा मी सोल्डरिंग करत होतो.

घोडी जपानी होती, दोन पिढ्या निवडून-पारखून तिसरीत तयार झालेली होती, आणि व्हिडिओ गेमच्या एका करड्या कॅसेटमध्ये राहत होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज व्हायला नको. जो काही समज होईल तो बरोबरच असेल.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. मी तेव्हा नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो, आणि एखादी वस्तू चालते कशी हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, शेजाऱ्यांच्या दारावरची बेल, सगळं मी एकदा तरी उघडून पाहिलेलं होतं. (परत बसवताना एखाददुसरा स्क्रू उरायचा. तो कंपनीनं जास्तीचा दिलेला असतो असं माझं ठाम मत होतं.) घरात नवीन वस्तू आली की माझी बायको सुनंदा आधी पेचकस लपवून ठेवायची.

व्हिडिओ गेम मात्र मी मुलीसाठी आणला होता. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि हातात दिलं की त्याची वायर चघळत बसायची. म्हणून ती मोठी होईपर्यंत तो मीच सांभाळायचा असं ठरलं. रोज दोन-दोन तास मी तो सांभाळत असे.

त्याच सुमारास कारखान्यात नवीन मशीन बसवायला एक जपानी साहेब आला. तीन आठवडे राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, मला जपानी येत नव्हतं, आणि इंग्रजी दोघांनाही सारखंच येत नव्हतं, त्यामुळे आमचं छान जमलं. एकदा त्याला घरी जेवायला बोलावलं, तर त्यानं टीव्हीखालचा व्हिडिओ गेम पाहिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बॅगेतली एक कॅसेट आणून मला दिली. आमच्याकडच्या कॅसेटी बंद केल्या की सगळं विसरायच्या. ही कॅसेट विसरत नाही, असं त्यानं मला समजावलं. म्हणजे आधी कॅसेटकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या डोक्याकडे, मग मान डोलावली. मी विचारलं, "कशी काय?" (हे हातानं विचारलं.) तो म्हणाला, "बॅटरी," आणि दोन्ही हातांची दहा बोटं वर केली.

"दहा दिवस?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी मोजून दाखवल्या.

त्यानं मान हलवली.

"दहा महिने?" मी कॅलेंडरची पानं उलटली.

त्यानं आख्खं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, बाजूला ठेवलं, आणि परत दहा बोटं वर केली. दहा वर्षं! मी पाहुण्याचा मान राखून हसलो. आमच्या टॉर्चचे सेल गणपतीत घातले तर दसऱ्याला मिणमिणायचे, आणि हा एवढ्याशा कॅसेटमध्ये दहा वर्षं पुरणारा सेल आहे म्हणतो! पण तेव्हापासून तो सेल माझ्या डोक्यात जाऊन बसला. दिसतो कसा, असतो कुठे, आणि दहा वर्षं करतो तरी काय, हे मला बघायचंच होतं.

आता मामा. मामा म्हणजे माझे सासरे, काष्टीचे. तिथल्या आठवडी बाजारात जनावराची पारख करावी तर मामांनी, असं लोक म्हणत. बैल घ्यायचा झाला की आधी मामांना न्यायचे. मामा त्याच्याभोवती एक चक्कर मारत, त्याला दहा पावलं चालवायला लावत, दात बघत, आणि "घ्या" किंवा "ऱ्हाऊ द्या" एवढंच म्हणत. त्यावर कुणी वाद घालत नसे. त्या वर्षी दिवाळीनंतर एका खोंडाचे दात बघताना खोंडानं त्यांना धडक दिली आणि मामांचा डावा पाय मोडला. नगरच्या डॉक्टरांनी दीड महिन्याचं प्लास्टर घातलं. प्लास्टर आहे तोवर इथंच राहा, असं सुनंदानं बजावलं आणि मामा आमच्या घरी आले.

लेकीच्या घरी राहणं त्यांना फार जड जात होतं. पाण्याचा पेला घेतानासुद्धा अवघडायचे. तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "सुनंदे, कुनाचा टेम्पो जातोय का बघ काष्टीकडं. जावयाच्या दारात मान्सानं लई दिस बसू ने."

"दादा, पाय मोडलाय तुमचा."

"पाय मोडलाय, लाज न्हाई मोडली."

त्यांना कशात तरी गुंतवायला हवं होतं. मी ती जपानी कॅसेट लावली. पडद्यावर घोडे आले. तबेला, कुरण, शर्यतीचं मैदान आणि सगळीकडे जपानी अक्षरं.

"हे काय हाय, पाव्हणं?"

"घोडे आहेत, मामा. पाळायचे, वाढवायचे, शर्यतीत पळवायचे."

"ल्हिवलंय काय त्यात?"

"जपानी आहे. मलाही कळत नाही."

"मंग बरं झालं," मामा म्हणाले आणि पहिल्यांदाच ऐसपैस टेकून बसले. "आपन दोगं बी अडानी."

मी एक पांढरा घोडा निवडणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "ह्यो नगं. मागचा पाय वडतोय." मी डोळे फाडफाडून पाहिलं. मला सहा पांढरे ठिपके पुढे-मागे होताना दिसले. हट्टानं तोच निवडला. शर्यतीत तो शेवटून पहिला आला. मग मामांनी कडेची एक तांबडी घोडी दाखवली, "ही. कान बघा कसं हायेत," आणि ती पहिली आली. त्यानंतर गेमचं हँडल माझ्या हातात आलं नाही. मुलीसाठी आणलेला गेम अखेर घरातल्या जाणत्या माणसाच्या हाती गेला.

मामांनी अक्षरांची अडचणही सोडवली. कुठलं बटण दाबलं की काय होतं हे ते करून बघायचे आणि सुनंदा वहीत ते अक्षर काढून ठेवायची. "झाडाखाली दोन काड्या" म्हणजे वैरण. "मोडकी खुर्ची" म्हणजे पळायला काढणे. "आडवी कुऱ्हाड" म्हणजे विश्रांती. दहा दिवसांत मामा ते जपानी तबेल्याचं काम न अडखळता करू लागले. प्रत्येक दुपारी घोडी पळवायची, दमली की थांबवायची, दोन शर्यतींच्या मध्ये पोटभर घालायचं. त्या तांबड्या घोडीची एक शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, झाली, आणि शिंगीची पुढे चंद्री झाली. चंद्री हे नाव मामांनी ठेवलं, कारण गेममधलं नाव कुणालाच वाचता येत नव्हतं. चंद्री एकही शर्यत हरली नाही. मोठ्या सोनेरी कपाच्या शर्यतीत तिचं नाव लागलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात मामांचं प्लास्टर निघालं.

पाय मोकळा झाल्यावर मामा एक दिवसही थांबेनात. बाजार वाट बघत होता. पण निघताना कॅसेट हातात घेऊन बराच वेळ बसले.

"म्या न्हाई तवर ही कुटं ऱ्हानार?"

"ह्यातच, मामा."

"म्हातारी न्हाई न व्हायची?"

"नाही. गेम बंद आहे तोवर तिथला काळ थांबलेला असतो."

"आन ह्याला समदं ध्यानात कसं ऱ्हातं?"

"आत सेल आहे."

"त्यो संपला म्हंजी?"

मी जपानी साहेबासारखी दहा बोटं वर केली. मामांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "उनाळ्यात येतो. कप चंद्रीच आननार. तवर तुमच्या वटीत घातली बघा."

खरी गोष्ट पुढेच होती. काष्टीला पोचल्यावर मामांनी हे भानुदास आबांना सांगितलं. भानुदास आबा म्हणजे बाजारातले दुसरे पारखी, मामांचे तीस वर्षांचे दोस्त आणि तीस वर्षांचे प्रतिस्पर्धी. ते म्हणाले, चित्रातल्या जनावराची कसली पारख, तुमचा पाय मोडला तवा डोस्क्याला बी मार बसला असंल. भर बाजारात म्हणाले. मामांच्या शब्दावर बाजारात आजवर कुणी हसलं नव्हतं. मामांनी तिथेच सांगितलं, "चल नगरला. दावतो." हे सगळं सुनंदाला पत्रातून कळलं. शेवटी लिहिलं होतं, "गुढीपाडव्यानंतर भानुदासला घेऊन येतो. पाव्हण्यांना म्हणावं चंद्रीवर लक्ष असू द्या."

लक्ष होतंच! मी तर रात्रंदिवस तिचाच विचार करत होतो. कॅसेटच्या मागे बारीक अक्षरात नव्वद साल छापलेलं होतं. (आकडे तेवढे जपानी नव्हते.) म्हणजे सेलची पाच-सहा वर्षं आधीच गेलेली. दहातून गेली सहा, उरली चार, आणि ती चार तरी खरी कशावरून? जपानात हवा थंड असते. आपल्याकडच्या उन्हात सेल लवकर उतरत असेल. आणि मामा पाडव्याला येणार. तोवर तीन महिने ही कॅसेट नुसती कपाटात पडून राहणार आणि सेल उगीचच झिजणार.

आमच्या घरची शिस्त वेगळी होती. माझे वडील टॉर्च वापरून झाला की त्यातले सेल काढून फळीवर ठेवायचे. रेडिओवरच्या बातम्या संपल्या की रेडिओतले सेल बाहेर. मंद झालेले सेल अंगणात उन्हात. वापर नसेल तेव्हा सेल आत ठेवणारा माणूस आमच्या खानदानात उधळ्या समजला जाई. मी विचार केला, चंद्री पळत नाही तर सेल कशाला जळायला हवा? काढून ठेवू. मामा आले की घालू. या हिशोबानं सेल चार वर्षं काय, माझ्या मुलीच्या लग्नापर्यंत पुरेल.

सुनंदा म्हणाली, "अहो, कशाला हात लावता? चाललंय ना नीट?"

"चाललंय तेच चालू राहावं म्हणून."

"तुम्ही असं म्हणालात की मला भीती वाटते."

कॅसेटला स्क्रूच नव्हता. जपानी लोकांना माझ्यासारखे लोक माहीत असावेत. मी कडेनं पेचकस घालून ती उकलली. (एक खिट्टी तुटली. ती जास्तीची होती.) आणि मग तो दिसला, चपटा, चकचकीत, शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा, दोन पत्र्यांनी आतल्या सर्किटच्या पट्टीला जोडलेला. मल्टीमीटर लावला. बरोब्बर तीन व्होल्ट! सहा वर्षं काम करून हा पठ्ठ्या ठणठणीत होता. मला त्याच्याबद्दल एकदम आदरच वाटला. आता याला विश्रांती द्यायचीच, असं मी ठरवलं. सोल्डर तापवून दोन्ही पत्रे सोडवले, सेल कागदात गुंडाळला आणि फ्रिजमध्ये लोण्याच्या वाटीशेजारी ठेवला. थंडीत आणखी टिकतो असं कुणीतरी सांगितलं होतं. कॅसेटवर काळी चिकटपट्टी लावली आणि एक मोठं काम वेळेत केल्याच्या समाधानात चहा मागितला.

पाडवा झाला. मामांचं कार्ड आलं, रविवारी सकाळच्या एसटीनं येत आहोत. शनिवारी संध्याकाळी मी सेल फ्रिजमधून काढला, पुसला, मोजला. तीन व्होल्ट! एक कणभरही उतरला नव्हता. सुनंदाला बोलावून मीटरचा काटा दाखवला. सेल जागेवर सोल्डर केला, कॅसेट लावली, बटण दाबलं.

गाणं वाजलं. चित्र आलं. जिथे चंद्रीचा तबेला दिसायचा तिथे तीन रिकाम्या चौकटी होत्या.

"घोडी कुठंय?" सुनंदानं विचारलं.

"येईल. गार पडली असेल."

कॅसेट काढली, फुंकली, घातली. नाही. खोडरबरानं तिच्या कडेचे धातूचे दात घासले. नाही. सेल उलटा बसला असेल म्हणून तपासला. सुलटा होता. मावळतीच्या उन्हात पंधरा मिनिटं गच्चीवर ठेवली. तीन चौकटी तशाच. सेल भरलेला आणि तबेला रिकामा, हे मला कळेचना. मी घाबरलो होतो हे तर खरंच, पण खरं सांगतो, त्यापेक्षा जास्त मला कुतूहल वाटत होतं. गेली कुठे?

रविवारी सकाळीच सायकल काढून कारखान्यात गेलो. साळवे ड्यूटीवर होता. माझ्याच खात्यातला, माझ्यापेक्षा कमी बोलणारा आणि जास्त जाणणारा. त्याला सगळं सांगितलं. तो मला हाताला धरून त्या जपानी मशीनपाशी घेऊन गेला आणि त्याच्यावर टांगलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी अशी होती : "मशीन बंद असताना मेमरीची बॅटरी काढू नये. काढल्यास सर्व प्रोग्रॅम जातील."

"हं," मी म्हणालो.

"खाली सही कुणाची आहे?" साळवेनं विचारलं.

सही माझी होती. पाटी मीच रंगवली होती. 'प्रोग्रॅम' या शब्दाला लाल रंगही मीच दिला होता.

साळवेनं मग शांतपणे समजावलं. गेम चालू असतो तेव्हा आठवणीला वीज भिंतीतून मिळते, सेलला काही काम नसतं. गेम बंद झाला की सेलचं काम सुरू होतं. कॅसेट कपाटात पडून आहे असं आपल्याला वाटतं तेव्हाच तो बिचारा राबत असतो, पण इतकं थोडं खातो की दहा काय, पंधरा वर्षंही निघतात. तो काढला की आठवण गेली, दोन-चार सेकंदांत. म्हणजे मी सेल कागदात गुंडाळत होतो तेव्हाच चंद्री गेलेली होती, आणि त्यानंतर तीन महिने मी एक रिकामा तबेला चिकटपट्टी लावून जपला होता.

घरी पोचलो तर मामा आणि भानुदास आबा कॉटवर बसून चहा पीत होते. भानुदास आबा उंच, मिशीवाले, एक हात काठीवर ठेवून टीव्हीकडे पाहत होते.

"या पाव्हणं," मामा खुशीत म्हणाले. "तुमचीच वाट बगत हुतो. भानुदास, आता बग. एकदा बगितली की तू बी गप बसशील."

मी म्हणालो, "हो, हो. हात धुऊन आलो," आणि मागच्या दारी जाऊन विजेच्या मीटरजवळचा फ्यूज काढला.

पंखा थांबला. "लाईट गेली वाटतं," मी आत येऊन म्हणालो.

"यील की," मामा म्हणाले. "आमी काय घाईत न्हाई."

अर्धा तास गेला. भानुदास आबांनी पानाची चंची उघडली. तास गेला. बाहेर ऊन चढलं, घरात घामाच्या धारा लागल्या. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे एकटक बघत होती. तिला सगळं कळलेलं होतं, पण वडिलांसमोर नवऱ्याला काय बोलणार? तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या आणि म्हणाल्या, "हे काय, पंख्याशिवाय बसलात? आमच्याकडे तर लाईट आहे."

"फेज गेला असेल," मी म्हणालो.

"मंग फ्यूज बगा की," भानुदास आबा म्हणाले आणि काठी टेकत उठले. "आमच्या हिरीवरच्या मोटरीचं असंच हुतं."

"तुम्ही बसा, आबा. मी बघतो."

"बगायला कशाला जाता, पाव्हणं?" ते माझ्या शर्टाकडे बघत म्हणाले. "खिशात काय हाय त्ये?"

खिशातून चिनी मातीचा पांढरा फ्यूज अर्धा बाहेर आलेला होता.

मी गेलो, फ्यूज बसवला, आलो. पंखा सुरू झाला. टीव्ही लावला, कॅसेट घातली, आणि मामांनी हँडल हातात घेतलं. गाणं, चित्र, तीन रिकाम्या चौकटी. मामांनी बटण दाबलं. परत दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते घाबरलेले दिसले, आणि ते बघवेना.

मग मी सगळं सांगून टाकलं. सेल, नव्वद साल, वडिलांची फळी, फ्रिज, पाटी, सगळं. वीज कधी भिंतीतली आणि कधी सेलची, हेही सांगितलं. मामा शेवटपर्यंत ऐकत राहिले. जावयाला बोलायचं नसतं, त्यामुळे त्यांनी शब्द फार जपून वापरले.

"म्हंजी असं म्हना," ते म्हणाले, "जनावर कामाला जुपलं की रानात चार घास खातं. त्याची काळजी नसती. गोठ्यात बांदलं की मातर आपल्यालाच वैरन टाकावी लागती."

"अगदी बरोबर, मामा."

"आन तुमी ती काम करत न्हाई म्हनून गोठ्यातली वैरन बंद केली."

मी मान खाली घातली. इतक्या सोप्या भाषेत मला हे साळवेनंही सांगितलं नव्हतं.

भानुदास आबा इतका वेळ माझ्याकडे निरखून पाहत होते, बैलाकडे पाहावं तसे. काष्टीच्या बाजारात सौद्याची बोलणी तोंडानं होत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून होतात. मामांनी हळूच उपरणं काढलं, भानुदास आबांनी त्याखाली हात घातला, आणि दोघे माझ्यासमोर माझ्याकडे बघत एकमेकांची बोटं दाबत बसले. काय ठरलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. एकदा भानुदास आबा नाही म्हणून मान हलवत होते आणि मामा आणखी एक बोट सोडत होते, एवढं दिसलं.

उपरणं परत खांद्यावर गेलं. भानुदास आबा म्हणाले, "घोडी हुती. म्या मानलं."

"न बगता?" मामांनी विचारलं.

"बगायचं काय? ह्यास्नी बगा की. इतकं पडल्यालं त्वांड म्या बाजारात फकस्त खरं जनावर मेल्यावर बगितलंय. नसत्या घोडीसाटी मान्सागत मानूस फ्यूज खिशात घालून हिंडत न्हाई."

मामांचा चेहरा उजळला. बाजारातला त्यांचा शब्द राहिला होता. दुपारी जेवणं झाल्यावर दोघांनी नव्यानं तबेला मांडला, सुनंदानं जुनी वही काढून दिली, आणि पहिल्याच घोड्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. संध्याकाळची एसटी चुकली तरी दोघांना पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी निघताना मामांनी कॅसेट सुनंदाच्या हातात दिली, माझ्या नाही. ती तिनं आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. मामा त्यानंतर दर दोन महिन्यांनी यायला लागले, टेम्पोचं नाव न काढता. सेल वर्षानुवर्षं चालत राहिला. त्यात किती व्होल्ट उरलेत हे जाणून घ्यायला माझा जीव तुटायचा. एकदा नुसता मल्टीमीटर हातात घेतला तर सुनंदानं मुलीला दुसऱ्या खोलीत नेलं.

गोष्ट इथे संपली असती, पण भानुदास आबांनी ती काष्टीला नेली. त्यांनी खरंच सांगितली असणार. पण बाजारात एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यातून आधी टीव्ही गळाला, मग कॅसेट, मग सेल. उरलं ते एवढंच : मामांची एक उमदी घोडी होती, ती त्यांनी नगरच्या जावयाकडे ठेवली, आणि जावयानं काम नाही म्हणून तिची वैरण बंद केली.

त्याच वर्षी दिवाळीला आम्ही काष्टीला गेलो तर मामांच्या ओट्यावर गावातले दोघेजण बसलेले. मला बघून एकदम गप्प झाले. त्यांतले एक म्हातारबा मामांना म्हणाले, "लई वाईट झालं. जनावर गेलं की घरातलं मानूस गेल्यागत हुतं." मला राहवलं नाही.

"अहो बाबा, ती कॅसेटमध्ये होती," मी म्हणालो.

"कशात कोंडली हुती?"

"कॅसेटमध्ये."

"केवढी असती ती?"

मी तळहात दाखवला. म्हातारबांनी माझ्या तळहाताकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, काठी घेतली आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सुनंदाला परसात पाळायला दोन कोंबड्या हव्या होत्या, म्हणून मी एकटाच गेलो. एक म्हातारी पाटी मांडून बसली होती. पाटीत सहा-सात तरण्या कोंबड्या होत्या. मी दोन निवडल्या. म्हातारीनं त्यांचे पाय बांधायला घेतले आणि बोलता बोलता विचारलं, "कोनाकडं आलाय, पाव्हणं?"

मी मामांचं नाव सांगितलं. "जावई मी त्यांचा. नगरचा."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे वर बघितलं, दोन्ही कोंबड्यांच्या पायांची सुतळी सोडली, त्यांना परत पाटीत घातलं आणि वरून झाकण लावलं.

"अंडी न्या," ती म्हणाली. "त्यास्नी खायाला घालावं लागत न्हाई."

मी सहा अंडी घेतली. मामांच्या घरी पोचेपर्यंत त्यातली दोन फुटली.